ऊर्जा नष्ट होत नाही, तर मग दिवा का मालवायचा?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिसरी, चौथी आणि पाचवीची मुले माझ्याकडे एकाच खोलीत बसतात. ‘ऊर्जेची रूपे’ हा भाग मी तक्ता लावून शिकवला. प्रकाश ऊर्जा, उष्णता ऊर्जा, ध्वनी ऊर्जा, सौर ऊर्जा, पवन ऊर्जा, विद्युत ऊर्जा ही नावे मुलांची पाठ झाली आहेत आणि ‘ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही’ हे वाक्य सगळी एका सुरात म्हणतात. मागच्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलीने विचारले, “मॅडम, ऊर्जा नष्ट होतच नाही, तर वर्गातून जाताना लाईट बंद करा असे दारावर कशाला लिहिले आहे?” मला तिचे समाधान करता आले नाही. शाळेत प्रयोगाचे साहित्य जवळजवळ नाही. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पवनचक्कीची थर्माकोलची प्रतिकृती ठेवायचे ठरले आहे. या मुलीला काय सांगावे आणि हा घटक पुन्हा कसा शिकवावा?
– एक शिक्षिका

उत्तर :

स. न. वि. वि.

तुमच्या विद्यार्थिनीला पडलेला प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात युरोपातल्या मोठ्या शास्त्रज्ञांनाही पडला होता. ऊर्जेची एकूण बेरीज कायम राहते हे तेव्हा नुकतेच पटू लागले होते आणि त्याच सुमारास, 1852 मध्ये, विल्यम थॉम्सन यांनी (पुढे त्यांनाच लॉर्ड केल्विन म्हणू लागले) असे मांडले की बेरीज कायम राहिली तरी उपयोगी पडणारी ऊर्जा विखुरत जाण्याकडे निसर्गाचा कल असतो. म्हणजे तिने दोन वेगवेगळ्या धड्यांतली दोन वाक्ये शेजारी ठेवून त्यांतली विसंगती ओळखली आहे. तेव्हा “विजेचे बिल येते म्हणून” असे उत्तर देऊन तो प्रश्न मिटवू नये. फळ्याच्या एका कोपऱ्यात तिचे वाक्य तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे, पुसू नये आणि दोन-तीन आठवडे जे काही शिकवाल ते त्या वाक्याकडे नेणारे असावे.

आधी तक्त्याविषयी. तुम्ही लिहिलेल्या यादीत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तक्त्यांत ही सरमिसळ असते. उष्णता, प्रकाश, ध्वनी, गती ही ऊर्जेची रूपे आहेत, तर सूर्य, वारा, कोळसा, धरणातले पाणी हे तिचे स्रोत आहेत. वाऱ्यातली ऊर्जा ही वाहत्या हवेच्या गतीचीच ऊर्जा असते, तिचे वेगळे रूप नसते. सूर्याकडून आपल्यापर्यंत येते ते मुख्यतः प्रकाशाच्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने. कोळशातली आणि भाकरीतली ऊर्जा एकाच रूपाची, म्हणजे रासायनिक असते. मुलांना हा फरक समजावून सांगत बसण्याऐवजी तक्ता कापून त्याच्या चिठ्ठ्या कराव्यात आणि ‘कुठून मिळाली’ व ‘कशी दिसते’ अशा दोन ढिगांत त्या वाटायला लावाव्यात. ‘पवन’ची चिठ्ठी कोणत्या ढिगात टाकायची यावरून पाचवीच्या मुलांमध्ये वाद होईल. तो होऊ द्यावा.

मात्र यादी कितीही शुद्ध केली तरी ती यादीच राहते. माझे स्पष्ट मत आहे की प्राथमिक वर्गात ऊर्जेची रूपे हा शिकवण्याचा शेवटचा टप्पा असावा, पहिला नव्हे. मूल प्रथम बदल पाहते : काहीतरी हलले, तापले, उजळले, वाजले. प्रत्येक बदलाच्या वेळी ‘हे कुठून आले आणि आता कुठे गेले?’ हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लागली की रूपांची नावे गरज पडेल तशी आपोआप येतात. व्याख्येची घाई करू नये. कार्य, गतिज ऊर्जा, स्थितिज ऊर्जा या संज्ञा उच्च प्राथमिक वर्गांत रीतसर येतातच. चौथीच्या मुलाला एवढे पुरे की ऊर्जा हा एक हिशेब आहे. गावातल्या बचत गटाच्या वहीत पैसे एका बाईच्या नावावरून दुसरीच्या नावावर जातात, नोटा बदलतात, पण महिनाअखेरीस एकूण बेरीज जुळावीच लागते. जुळली नाही तर कोणीतरी एक नोंद विसरले आहे, असे आपण समजतो. ऊर्जेच्या बाबतीतही बेरीज चुकल्यासारखी वाटली की राहिलेली नोंद शोधायची असते.

पहिल्या दिवशी एका घमेल्यात ओली वाळू सपाट करून घ्यावी आणि तीत एकच गोटी गुडघ्याच्या, कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीवरून टाकून खड्ड्यांची खोली काडीने मोजावी. गोटी तीच, वाळू तीच, तरीही खड्डे वेगळे पडतात. तेव्हा उंचीवर धरलेल्या गोटीजवळ काहीतरी जास्त होते हे मुले स्वतःच बोलून दाखवतील. तिसरीतली मुले बहुधा ‘ताकद’ म्हणतील. म्हणू द्यावे, त्या दिवशी शब्द दुरुस्त करण्याचे कारण नाही. त्यानंतर रबरी चेंडू फरशीवर टाकावा. पहिल्या उसळीपेक्षा दुसरी कमी, दुसरीपेक्षा तिसरी कमी आणि शेवटी चेंडू थांबतो. येथे ‘ऊर्जा संपली’ असे उत्तर हमखास येते, आणि ते चुकीचे आहे असे सांगण्याऐवजी वहीतली राहिलेली नोंद कोणती असेल, हे विचारावे. टप्प्याचा आवाज ऐकू आला, म्हणजे थोडी आवाजात गेली. बाकीची कुठे गेली, याचे उत्तर चेंडूला हात लावून मिळत नाही. ते शोधण्यासाठी पुढचा प्रयोग हवा.

प्लॅस्टिकच्या दोन सारख्या बरण्या घ्याव्यात आणि प्रत्येकीत पेलाभर कोरडी वाळू भरावी. रात्रभर त्या वर्गातच ठेवाव्यात, म्हणजे दोन्हींचे तापमान सारखे होईल. दुसऱ्या दिवशी दोन्हींना सारखेच जाड फडके गुंडाळावे. एक बरणी मुलांनी आळीपाळीने पाच-सात मिनिटे जोरजोरात हलवावी आणि दुसरी तेवढाच वेळ नुसती हातात धरून बसावे. मग दोन्हींतल्या वाळूत तापमापी खोचून पाहावी. हलवलेल्या वाळूचे तापमान साधारण एक-दोन अंशांनी वाढलेले दिसते. दुसरी बरणी कशाला, हा प्रश्न एखादे मूल विचारेलच, कारण हाताच्या उबेने वाळू तापली असेल ही शंका अगदी रास्त आहे आणि तिचे निरसन करण्यासाठीच ती बरणी आहे. ताप पाहण्याची तापमापी येथे चालत नाही, कारण तिच्यावरचे आकडे शरीराच्या तापमानाच्या आसपासच असतात. शून्य ते शंभर अंशांची, लाल द्रव असलेली साधी तापमापी शालेय साहित्याच्या दुकानात स्वस्तात मिळते आणि या संपूर्ण घटकासाठी विकत घ्यावी अशी हीच एक वस्तू आहे. पाऱ्याची मात्र घेऊ नये.

मँचेस्टरजवळ बिअर बनवण्याचा व्यवसाय असलेल्या कुटुंबातल्या जेम्स जूल यांनी 1840 च्या दशकात जवळजवळ हेच केले, फक्त फार काटेकोरपणे. खाली उतरणाऱ्या वजनांनी त्यांनी भांड्यातल्या पाण्यात पंखा फिरवला आणि पाणी किती तापले ते मोजले. वजन जितके जास्त उतरेल तितके पाणी जास्त तापते, आणि हे प्रमाण नेहमी तेच राहते, हे त्यांनी दाखवले. मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी, कारण हरवलेली नोंद कोणाला आणि कशी सापडली, हे त्यातून कळते. चेंडूची उरलेली ऊर्जा चेंडू, फरशी आणि हवा यांना किंचित तापवण्यात गेली. ती वाढ हाताला जाणवत नाही एवढेच.

जूल यांच्या नावाचे एकक पाचवीच्या मुलांना द्यायला हरकत नाही, मात्र सूत्र देऊ नये. शंभर ग्रॅमचे वजन एक मीटर उचलले की जवळजवळ एक जूल ऊर्जा लागते. तराजूतले वजन मीटरपट्टीच्या उंचीपर्यंत उचलून प्रत्येक मुलाने एकेक जूल ‘खर्च’ करून पाहावा. त्यानंतर एका शेंगदाण्याचा हिशेब मांडावा. अर्ध्या ग्रॅमच्या दाण्यात सुमारे बारा हजार जूल ऊर्जा असते. पंचवीस किलो वजनाचे मूल तीन मीटर उंचीचा एक मजला चढून गेले की सुमारे सव्वासातशे जूल लागतात. भागाकार केला तर एका दाण्यावर सोळा मजले चढता यायला हवेत, परंतु आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामात आणतात, म्हणून चारच मजले होतात. उरलेल्या तीन हिश्श्यांचे काय झाले, हे विचारून थांबावे. मैदानाला दोन फेऱ्या मारून आलेल्या, घामाने निथळणाऱ्या मुलाला ते उत्तर स्वतःच्या अंगावर सापडते.

हा दाणा जाळूनही दाखवता येतो. अर्धा बटाटा पालथा ठेवून त्यात दाभण उभे खोचावे, टोकावर दाणा बसवावा, तो मेणबत्तीने पेटवावा आणि वर छोट्या पातळ वाटीत पन्नास मिलिलिटर पाणी धरावे. दाणा चांगला मिनिटभर जळतो, याचेच मुलांना आश्चर्य वाटते. दाण्यातली सगळी ऊर्जा पाण्यात गेली असती तर पाणी पन्नासहून जास्त अंशांनी तापले असते, पण प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यानेही तापत नाही, कारण बरीच उष्णता आजूबाजूच्या हवेत जाते. हा प्रयोग शिक्षकानेच करावा, वाटी चिमट्यात धरावी, मुलांनी दोन हात लांब बसावे आणि कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तो करूच नये. तुमच्या शाळेत पोषण आहार चुलीवर शिजत असेल तर त्याच दिवशी मुलांना चुलीकडे नेऊन विचारावे की लाकडातली किती ऊर्जा पातेल्यात गेली आणि किती भोवतालच्या हवेत गेली. आकडा नको, अंदाज पुरे.

विजेसाठी जुन्या सायकलचा डायनामो शोधावा. आता तो दुर्मिळ झाला असला तरी गावातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात एखादा पडलेला असतो. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करावी, डायनामो टायरला टेकवावा आणि पेडल हाताने फिरवावे. दिव्याची तार काढलेली असताना आणि जोडलेली असताना पेडल फिरवणाऱ्याने डोळे मिटून हाताला काय जाणवते ते सांगावे. फरक फार मोठा नसतो, कारण डायनामोचे घर्षण दोन्ही वेळा असतेच. पण दिवा लागला की पेडल जड होते हे लक्षपूर्वक फिरवणाऱ्याला कळते आणि एकदा कळले की विसरत नाही. प्रकाश फुकट मिळत नाही, हे वाक्य फळ्यावरून वाचणे आणि मनगटाला जाणवणे यांत फार अंतर आहे. डायनामो न मिळाल्यास मोडक्या खेळण्यातली छोटी मोटार घ्यावी, तिच्या दांड्याला दोरा गुंडाळून झटकन ओढावा आणि तारांना लाल एलईडी जोडून ठेवावा. तो क्षणभर चमकतो. चमकला नाही तर तारांची अदलाबदल करावी, कारण एलईडीमधून वीज एकाच दिशेने वाहते. टाकाऊ वस्तूंतून अशी खेळणी कशी करावीत याचे उत्तम मार्गदर्शन पुण्याचे अरविंद गुप्ता यांनी आयुष्यभर केले आहे आणि त्यांचे बरेचसे साहित्य मराठीतही उपलब्ध आहे. एक ताकीद मात्र मुलांना पुन्हा पुन्हा द्यावी : प्रयोग फक्त दीड व्होल्टच्या सेलवर आणि अशा मोटारींवर करायचे, घरातल्या किंवा शाळेतल्या विजेच्या बोर्डाला हात लावायचा नाही. वर्गात उत्सुकता जागी झाली की घरी जाऊन ‘करून पाहू’ म्हणणारा एकजण तरी असतोच.

एवढी तयारी झाली की फळ्यावरच्या प्रश्नाकडे वळावे, आणि तुमच्या तालुक्यात त्याचे उत्तर समोरच उभे आहे. कोयना धरणातले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम बाजूला नेऊन पोफळीच्या भूमिगत वीजगृहात साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवरून उतरवले जाते आणि मग ते वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते. तेथील वीजनिर्मिती 1962 मध्ये सुरू झाली आणि सर्व टप्पे मिळून कोयना प्रकल्पाची क्षमता आज 1,960 मेगावॅट आहे. हा शेवटचा आकडा मुलांसाठी निरर्थक आहे. तो बाजूला ठेवून पाण्याची एक लिटरची बाटली टेबलावर ठेवावी. हे एक लिटर पाणी साडेचारशे मीटर खाली आले की सुमारे चार हजार चारशे जूल ऊर्जा मोकळी होते. ते टर्बाइनमधून गेले, तर मधली गळती धरूनही त्यावर नऊ वॅटचा एक एलईडी दिवा सात मिनिटे जळतो. आता समजा, तेच पाणी टर्बाइनमधून न जाता तेवढ्याच उंचीच्या कड्यावरून धबधबा होऊन खाली पडले. मुलांनी नवजाजवळचा ओझर्डे धबधबा पाहिला असेल, तो डोळ्यांपुढे आणायला सांगावे. खाली आल्यावर त्या पाण्याची ऊर्जा कुठे गेली? वाळूच्या बरणीत जे झाले तेच येथे होते. सगळी ऊर्जा आपटण्यात आणि घुसळण्यात जाऊन पाणी किंचित तापते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जवळजवळ चार हजार दोनशे जूल लागतात, म्हणजे साडेचारशे मीटरची ती उडी पाण्याला जेमतेम एका अंशाने तापवते. प्रत्यक्षात तीही वाढ वारा आणि बाष्पीभवन यांत हरवून जाते.

मुलीचे उत्तर या ठिकाणी आहे. दोन्ही वाटांनी बेरीज तेवढीच राहिली, एक जूलही नष्ट झाला नाही. परंतु पहिल्या वाटेने सात मिनिटे कोणीतरी अभ्यास केला आणि दुसऱ्या वाटेने पाणी एका अंशाने कोमट झाले, ज्याचा कोणालाही काही उपयोग नाही. त्या एका अंशाच्या उबेतून पुन्हा पाणी साडेचारशे मीटर वर चढवता येईल का, असे मुलांना विचारावे. येत नाही, हे ती सांगतील. का येत नाही, याचे सविस्तर उत्तर त्यांना पुढे अनेक वर्षांनी मिळेल. चौथीत एवढे कळले तरी पुष्कळ झाले की एकवटलेली ऊर्जा कामाची असते आणि विखुरलेली ऊर्जा असूनही हाती लागत नाही. तिला असे सांगता येईल : “आपण ऊर्जा नष्ट होईल म्हणून दिवा बंद करत नाही, तर धरणात एका जागी साठलेली ऊर्जा रिकाम्या खोलीच्या भिंती तापवण्यात विखरून जाऊ नये म्हणून बंद करतो.” रिकाम्या खोलीतल्या दिव्याचा प्रकाशही शेवटी भिंती आणि फरशी शोषून घेतात व किंचित तापतात, हे तिला स्वतःच पुढे जोडता येते का ते पाहावे. ज्या मुलीने मूळ प्रश्न विचारला तिला ते जमण्याची शक्यता बरीच आहे.

दारावरच्या पाटीचा विषय निघालाच आहे तर पाचवीच्या मुलांना शाळेच्या विजेच्या मीटरजवळ, पण हात न लावता, उभे करावे. नव्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो ते छापलेले असते. तो आकडा 3,200 असेल, तर एक युनिट म्हणजे छत्तीस लाख जूल असल्यामुळे प्रत्येक लुकलुकीला सुमारे अकराशे जूल खर्च होतात, म्हणजे शेंगदाण्याच्या एका दाण्यात अशा दहा-अकरा लुकलुकी मावतात. फक्त पंखा चालू ठेवून दोन लुकलुकींमधले सेकंद मोजावेत. जुन्या पद्धतीचा पंचाहत्तर वॅटचा पंखा असेल तर साधारण पंधरा येतील. नंतर जुना साठ वॅटचा बल्ब आणि नऊ वॅटचा एलईडी आळीपाळीने लावून, इतर सर्व उपकरणे बंद ठेवून, पुन्हा मोजावेत. उजेड जवळजवळ तेवढाच असताना सेकंद एवढे का वाढले, हा प्रश्न विचारला की साठ वॅटच्या बल्बची बहुतेक ऊर्जा उजेडात न जाता उष्णतेत जाते हे त्यांच्या लक्षात येईल. वीजबचतीवरची घोषवाक्ये आणि रांगोळ्या मला फारशा उपयोगी वाटत नाहीत. मोजलेले सेकंद मुले घरी जाऊन सांगतात आणि आपल्या घरच्या मीटरवर पुन्हा मोजतात.

आता प्रदर्शनातली पवनचक्की. तुमच्या वनकुसवडे पठारावर खऱ्या पवनचक्क्या फिरत असताना थर्माकोलची करावी का, हा प्रश्न मी विचारणार नाही, कारण निर्णय तुमच्या एकटीचा नसावा. परंतु प्रदर्शनांतल्या अशा बहुतेक प्रतिकृतींत सेलवर चालणारी मोटार पाती फिरवते. ती पवनचक्की नाही, तो पंखा आहे. पवनचक्कीत गतीची वीज होते, या प्रतिकृतीत विजेची गती होते, आणि प्रतिकृतीशेजारी उभे राहून ‘वाऱ्यापासून वीज निर्माण होते’ असे सांगणारे मूल स्वतःच्या डोळ्यांसमोर घडते आहे त्याच्या नेमके उलट बोलत असते. परीक्षकांनाही ते खटकत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. तुम्ही सेल काढून टाकावा, त्याच मोटारीच्या तारांना एलईडी जोडावा, पातळ पत्र्याची किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीची पाती बसवावीत आणि टेबलपंख्याचा वारा द्यावा. खेळण्यातली मोटार त्या वेगाने एलईडी उजळवण्याइतकी वीज देईलच असे नाही. न दिल्यास मल्टिमीटर जोडून काटा किंवा आकडा हललेला दाखवावा. तेवढे पुरते, कारण ते खरे असते. मग मुलांनी दोन मोटारी शेजारी ठेवून एकीत ऊर्जा कोणत्या दिशेने जाते आणि दुसरीत कोणत्या, हे बाणांनी दाखवले तर प्रतिकृतीपेक्षा तो कागदच प्रदर्शनात अधिक लक्ष वेधून घेईल.

बाणांचा खेळ मागेही नेता येतो आणि पाचवीला तो फार आवडतो. शेंगदाण्यातली ऊर्जा वेलीत कुठून आली? उन्हातून. कोयनेचे पाणी डोंगरावर कोणी चढवले? समुद्रावरच्या उन्हाने त्याची वाफ केली आणि पावसाळ्याच्या वाऱ्यांनी ढग घाटावर आणले. वारा का वाहतो? ऊन सगळीकडे सारखे तापवत नाही म्हणून. चंद्रपूरचा कोळसा हा फार पूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा, म्हणजे त्या काळच्या उन्हाचाच. सगळ्या साखळ्या सूर्यापाशी पोहोचतात असे मुलांनी जाहीर केले की तारापूरचे नाव घ्यावे. पालघर जिल्ह्यातल्या त्या अणुवीज केंद्रात 1969 पासून वीज तयार होते आणि तिची ऊर्जा अणूंच्या केंद्रकातून येते, आपल्या सूर्याकडून नव्हे. येथे अधिक खोलात जाऊ नये. नियमाला अपवाद असतो आणि तो महाराष्ट्रातच आहे, एवढ्याने काम भागते.

तीन इयत्ता एका खोलीत असण्याची तुम्हाला अडचण वाटत असेल, पण या घटकात तिचा उपयोगच होतो. वाळूचे खड्डे, बरण्या आणि उलटी सायकल हे तिघांनी मिळून करावे. तिसरीने फक्त काय दिसले ते सांगावे आणि चित्र काढावे. चौथीने ‘कुठून कुठे’ हे बाण काढावेत. पाचवीने मोजमाप करावे आणि अंदाज बांधावा. ध्वनीसाठी वेगळा तास घेण्याची गरज नाही. गावातल्या हलगीवर तांदळाचे चार दाणे ठेवून टिपरीने वाजवली की दाणे नाचतात. हलगी वाजवण्याआधी ती शेकोटीवर का शेकतात हे वादकालाच विचारायला लावावे. उष्णतेने कातडे ताणले जाते आणि आवाज चढतो, हे तो तुमच्या-माझ्यापेक्षा नेमके सांगेल.

मूल्यमापनात ‘ऊर्जेची पाच रूपे लिहा’ हा प्रश्न एका गुणाचा ठेवावा, कारण केंद्रप्रमुख तो शोधतीलच, आणि मुलांना नावे येत नाहीत असे चित्रही जाऊ नये. बाकीचे गुण अशा एखाद्या प्रश्नाला द्यावेत : “तू टाळी वाजवलीस. ऊर्जा कुठून आली, मध्ये कुठे गेली आणि पाच मिनिटांनी कुठे असेल?” जे मूल भाकरीपासून सुरू करून, हाताच्या हालचालीवरून आवाजापर्यंत आणि तळहाताच्या चुणचुणत्या उबेपर्यंत येते, त्याला पूर्ण गुण द्यावेत. जे मूल पुढे लिहील की शेवटी वर्गातली हवा आणि भिंती थोड्याशा तापल्या असतील, पण ते आपल्याला मोजता येणार नाही, त्याची उत्तरपत्रिका केंद्रप्रमुखांना आवर्जून दाखवावी.